गाळणीतून काय काय जाते?

कल्याणहून दुर्गाडीचा पूल ओलांडला की कोन लागते. पुलावरून खाली पाहिले तर खांबांमागे पाण्याचे भोवरे दिसतात. असे भोवरे खांबाच्या बुडाची माती उकरतात. म्हणून ते मोजणे ही नुसती हौस नव्हे. अडचण अशी, की संक्षुब्ध प्रवाहाचा वेग क्षणोक्षणी बदलतो आणि मोजणारे उपकरणही आपली थरथर त्यात मिसळते. भिवंडीच्या यंत्रमागांच्या खडखडाटातही माणसाचे बोलणे वेगळे ओळखू येते. येथे मात्र बोलणेच खडखडाटासारखे! मग पाणी कोणते आणि गोंगाट कोणता, हे ठरवायचे कसे?

न्यूझीलंडमधील डेरेक गोरिंग आणि व्लादिमिर निकोरा यांनी २००२ साली यासाठी सुचवलेली रीत आज बरीच रूढ आहे. पाण्यातील कणांवरून परतलेल्या ध्वनीच्या डॉप्लर परिणामावरून वेग काढणाऱ्या उपकरणाच्या नोंदींत मधूनच भलते सुळके येतात. ते हुडकण्यासाठी ही रीत तीन गोष्टी एकत्र पाहते : वेग, वेगातील फरक आणि त्या फरकातील फरक. तिन्हींच्या आलेखात नोंदी अंडाकृती ढगात जमतात. ढगाबाहेरचे बिंदू संशयित. ढगाची हद्द ठरते नोंदींच्या संख्येवरून : त्या संख्येच्या नैसर्गिक लॉगरिथमची दुप्पट करून वर्गमूळ घ्यायचे, आणि प्रमाण विचलनाच्या तितक्या पट जायचे. १०,००० नोंदींसाठी ही ४.२९ पट येते. त्याऐवजी ‘दोन पटींबाहेरचे काढा’ हा सरधोपट नियम लावला, तर प्रसामान्य वितरणाच्या निर्दोष नोंदींतूनही सुमारे ४५५ हकनाक जातील. हद्द प्रयोगकर्त्याच्या मर्जीवर सोडलेली नाही, हा या रीतीचा मोठा गुण.

तरीही आमचे तीन आक्षेप आहेत. पहिला असा, की सरासरी आणि प्रमाण विचलन सुळक्यांसकट काढले जाते. ४०, ४२, ४१, ४३, २४० यांची सरासरी ८१.२ येते, मध्यक मात्र ४२. हे चोरालाच पंच नेमण्यासारखे झाले. रीत पुनःपुन्हा लावल्याने हा दोष कमी होतो, हे खरे. पण मध्यकाचा आधार घ्यावा, ही टोनी वॉल यांची २००३ मधील सूचना आम्हांला अधिक पटते.

दुसरा आक्षेप : हद्दीचे सूत्र परस्परांशी संबंध नसलेल्या, प्रसामान्य नोंदींसाठी आहे. प्रवाहात मात्र शेजारच्या नोंदी एकाच भोवऱ्याच्या असू शकतात, आणि वेगातील मोठे, झटकन होणारे बदल अपेक्षेहून अधिक वेळा येतात. खरा जोरकस भोवराही सुळका म्हणून बाहेर जायचा. सुक्याबरोबर ओलेही जळते.

तिसरा आक्षेप रीतीवर नाही, तिच्या वापरावर आहे. सुळके काढले की गोंगाट संपला, असे समजले जाते. वस्तुतः बारीक गोंगाट प्रत्येक नोंदीत उरतोच. त्याने सरासरी वेग बिघडत नाही, पण प्रचरण वाढते. मोजलेले प्रचरण २५ आणि त्यात गोंगाटाचे ९ असतील, तर खरे १६. म्हणजे चढउतार ५ नव्हे, ४. तो घालवण्यासाठी आलेख घोटून गुळगुळीत करावा, तर लहान भोवरे पुसले जातात. आणि प्रवाहाची ऊर्जा शेवटी उष्णतेत बदलते ती याच लहान भोवऱ्यांत. खरा उपाय दुसरा साक्षीदार आणण्याचा. एकाच जागचा तोच वेग दोन स्वतंत्र संवेदकांनी मोजावा आणि दोन्ही चढउतारांच्या गुणाकाराची सरासरी घ्यावी. पाणी दोघांत समान, गोंगाट मात्र ज्याचा त्याचा. तो या सरासरीत विरून जातो.

आपल्या प्रयोगवहीत ‘विसंगत वाचन वगळा’ ही सूचना आपण किती सहज देतो! लंबकाच्या प्रयोगात ते खपते, कारण तेथे उत्तर आधीच माहीत असते. आमची शिक्षकांना एवढीच विनंती : वाचन खोडरबराने पुसू देऊ नका. त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहायला सांगा. कारण लिहिता येत नसेल, तर ते वाचन राहू द्यावे.