संशयाला जागा देणारं पुस्तक

दोन हिवाळ्यांपूर्वी तानसाच्या जंगलातून परतताना मी एक खोटं वाक्य लिहिलं. त्या सकाळी पानगळ झालेल्या एका झाडावर पिंगळ्याच्या आकाराचं घुबड भर उन्हात बसलेलं दिसलं होतं. दहा-बारा सेकंदांत ते उडालं आणि माझ्याकडे एक धूसर फोटो उरला. परतीच्या लोकलमध्ये पक्षीनोंदींच्या ॲपवर मी 'रानपिंगळा' निवडलं. जात दुर्मीळ, त्यामुळे ॲपने तपशील मागितले. मी लिहिलं : 'डोकं जवळपास बिनठिपक्याचं, छाती सलग तपकिरी, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे.' रानपिंगळ्याची ही सगळी लक्षणं बरोबर आहेत. मात्र त्यांतलं एकही मी पाहिलं नव्हतं. ती मला पाठ होती.

आठवड्याभराने नोंदी तपासणाऱ्या स्वयंसेवकाने अगदी नम्रपणे विचारलं, "फोटोत डोक्यावर ठिपके दिसताहेत. तुम्हाला काय वाटतं?" मी फोटो मोठा करून पाहिला. ठिपके होते. म्हणजे तो आपला गावाकडच्या चिंचेवरचा, नेहमीचा पिंगळा. मी नोंद मागे घेतली, पण ते वाक्य काही मागे घेता येईना.

त्यानंतर पामेला रासमुसेन आणि जॉन अँडरटन यांचं 'बर्ड्स ऑफ साऊथ एशिया : द रिप्ली गाइड' (२००५) मी पुन्हा हातात घेतलं. या वेळी पक्षी ओळखण्यासाठी नाही, तर पुस्तक म्हणून वाचण्यासाठी. पहिला खंड चित्रांचा आणि नकाशांचा, खिशात न मावणारा पण सॅकमध्ये मावणारा. दुसरा खंड मोजमापांचा, आवाजांच्या आलेखांचा आणि कुठली नोंद का मानली वा का नाकारली याच्या चर्चेचा. बहुतेक पक्षीप्रेमी पहिला खंड झिजवतात आणि दुसरा कोराच ठेवतात. माझ्या मते या ग्रंथाचं मोठेपण दुसऱ्या खंडात आहे.

पुस्तकात १५०८ जातींची दखल आहे. त्यांपैकी ८५ 'पुराव्याअभावी गृहीत' आणि ६७ 'शक्य' अशा जाती वेगळ्या काढून त्यांना थोडक्यात आटोपलं आहे. वरवर पाहता हा वर्गीकरणाचा तपशील. पण मार्गदर्शक पुस्तकाचा स्वर साधारणपणे ठाम असतो : हा पक्षी असा दिसतो, इथे राहतो. इथे लेखक आपल्यालाच सांगतात की एवढ्या नोंदींवर आमचा पुरता विश्वास नाही. हा स्वर कुठून आला हे समजायला रानपिंगळ्याची गोष्ट माहीत हवी.

ॲलन ह्यूम यांनी १८७३ साली या घुबडाचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढच्या काही वर्षांत जमा झालेले मोजके नमुने संग्रहालयांत पोचले. जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने खानदेशात मिळवलेले नमुने त्यांत होते. १८८४ नंतर पक्षी नाहीसा झाला, अपवाद फक्त एका नोंदीचा. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन यांच्या संग्रहातल्या नमुन्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : मांडवी, गुजरात, १९१४. माइनर्ट्झहागेन म्हणजे सैनिक, हेर, नामांकित पक्षीतज्ज्ञ. त्यांच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पुढचा शोध या नोंदीमुळे भरकटला.

रासमुसेन यांनी ती चिठ्ठी संहितेसारखी वाचली. नायजेल कॉलर यांच्याबरोबर त्यांनी नमुन्याची क्ष-किरणांनी तपासणी केली. आतलं भरण बदलून पक्षी नव्याने 'तयार' केलेला होता, तरी डेव्हिडसनच्या हातच्या खुणा शिल्लक होत्या. निष्कर्ष असा की डेव्हिडसनचाच नमुना ब्रिटिश संग्रहालयातून चोरून त्याला नवी चिठ्ठी बांधली गेली होती. हा शोधनिबंध १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी, २५ नोव्हेंबर १९९७ रोजी रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळ जिवंत रानपिंगळा दिसला होता. मांडवी वजा करून, खऱ्या चिठ्ठ्यांच्या मागे जाऊन. ११३ वर्षांनी.

ज्यांच्या नावाने हे पुस्तक आहे, त्या डिलन रिप्ली यांनी सलीम अलींसोबत दहा खंडांचं 'हँडबुक' लिहिलं. माइनर्ट्झहागेन यांच्या नोंदी त्या काळच्या इतरांप्रमाणे त्यांनीही प्रमाण मानल्या. रिप्लींनीच सुरू केलेल्या प्रकल्पातून आलेलं हे पुस्तक अशा नोंदी बाहेर काढतं. गुरूच्या नावाखाली गुरूच्या चुका दुरुस्त करणं आणि तरी सूर न चढवणं, हे आपल्या समीक्षेत फारसं दिसत नाही.

गोष्टीला एक शेपूटही आहे. अलीकडे रानपिंगळा दक्षिण गुजरातेत, डांगच्या पूर्णा अभयारण्यात सापडला. मग माइनर्ट्झहागेन अगदीच चूक नव्हते, असं एक मित्र म्हणाला. मी कोड लिहून पोट भरतो. चुकीच्या कारणाने पास झालेली टेस्ट नापास झालेल्या टेस्टपेक्षा घातक, हे मला रोज दिसतं. पक्षी तिथे असणं आणि त्या माणसाने तो तिथे पाहिलेला असणं, ही दोन वेगळी विधानं आहेत. तानसातही रानपिंगळा आहे, २०१४ साली तो तिथे सापडला. म्हणूनच माझं खोटं इतकं सहज खपलं असतं.

पुस्तकाबद्दल दोन तक्रारी आहेत. एक भाषेची. सलीम अलींनी १९४१च्या पुस्तकात आकार सांगताना चिमणी, बुलबुल, मैना, कावळा यांचं माप वापरलं. ज्याने आयुष्यात पट्टी घेऊन पक्षी मोजला नाही, त्यालाही ते कळतं. रिप्ली गाइड सेंटिमीटर आणि संक्षेपांत बोलतं. अचूकता वाढली, पण ओळख करून देण्यातला जिव्हाळा गेला. दुसरी तक्रार गंभीर आहे. चिठ्ठ्यांवर इतका बारीक विचार करणाऱ्या या पद्धतीत चिठ्ठी न लिहिणाऱ्यांना जागा नाही. सातपुड्यातली भिल्ल-पावरा माणसं ११३ वर्षं त्याच जंगलात होती. दिवसाढवळ्या उघड्या फांदीवर बसून शेपटी हलवणारं घुबड त्यांच्या नजरेतून सुटलं असेल, हे मला पटत नाही. पक्षी हरवला होता तो पुस्तकांतून. 'पुनर्शोध' हा शब्द एवढा फरक गिळून टाकतो, आणि संशयाबाबत इतकं काटेकोर असलेलं पुस्तकही या शब्दाकडे संशयाने पाहत नाही.

तरी मी हे पुस्तक जवळ ठेवीन. माइनर्ट्झहागेन यांच्याकडे मी आजवर एका विक्षिप्त खलनायकासारखं पाहत होतो. आता तसं जमत नाही. त्यांनी चिठ्ठी बदलली आणि मी तपशील भरला. फरक प्रमाणाचा आहे. दोघांनीही पाहण्याच्या जागी माहिती ठेवली.

गेल्या महिन्यात तानसाला पुन्हा गेलो. तलावाच्या वरच्या अंगाला एक घुबड समोरून उडालं. या वेळी ॲपवर लिहिलं : 'लहान घुबड. तीन सेकंद, पाठमोरं. डोकं दिसलं नाही. जात सांगता येत नाही.'