मनगटी घड्याळाची रचना : दृष्टी आणि स्पर्श

मनगटी घड्याळाच्या रचनेतील नावीन्याचा विचार बहुधा बाह्य रूपापाशीच थांबतो. हॅमिल्टन कंपनीचे १९५७ मधील ‘व्हेंच्युरा’ त्रिकोणसदृश आकारामुळे गाजले. त्यापूर्वी, १९४७ साली, नेथन जॉर्ज हॉर्विट यांनी तबकडीवरील सर्व अंक काढून बाराच्या जागी केवळ एक ठिपका ठेवला. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९६० मध्ये ही तबकडी स्वीकारली. तिचा संयम वादातीत आहे. परंतु अंक गेले तरी पाहणारा डोळा गृहीतच राहिला.

हे गृहीतक २०१३ मधील ‘ब्रॅडली’ने नाकारले. एम.आय.टी.मध्ये शिकत असताना ह्युंगसू किम यांना त्यांचा दृष्टिबाधित सहाध्यायी वेळ विचारीत असे. त्याच्याजवळ बोलणारे घड्याळ होते. पण त्याचा आवाज साऱ्या वर्गाला ऐकू जाई. हा संकोच या रचनेचे मूळ होय. तीत काटे नाहीत, काचही नाही. चुंबकाच्या ओढीने फिरणाऱ्या दोन पोलादी गोळ्यांपैकी तबकडीवरील गोळी मिनिटे दर्शविते, तर बाजूच्या कडेवरील गोळी तास. बाराच्या जागी त्रिकोणी उंचवटा आहे. बोट लागून गोळी सरकलीच, तर मनगट हलविताच ती पूर्वस्थानी येते.

मिनिटाचा काटेकोरपणा येथे काहीसा गमवावा लागतो, ही उणीव नाकारता येणार नाही. तथापि हे साधन केवळ दृष्टिबाधितांपुरते उरत नाही. लांबलेल्या सभेत वक्त्याचा अवमान न करता डोळस श्रोत्यालाही त्यावर वेळ पाहता, नव्हे चाचपता, येते.