लांब पल्ल्याचा ताफा वाचताना

27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया सरकारकडून टाटांच्या हाती गेली. त्या दिवसापासून विमानांच्या दर्दी मंडळींत एकच विषय रंगला: लांब पल्ल्याच्या विमानांचं आता काय होणार? कोणती राहतील, कोणती जातील, बोइंगला झुकतं माप मिळेल की एअरबसला, सॅन फ्रान्सिस्कोला पुढे कोण उडेल? हे अंदाज मी आवडीने वाचत आलो आहे आणि स्वतःही करत आलो आहे. त्यांत एक उणीव मात्र सतत खटकते. बहुतेक जण खुर्च्या मोजतात, भाडेपट्ट्याची मुदत मोजतात आणि विमानाकडे बघायचंच राहून जातं. विमानाची बांधणी नीट निरखली, तर ते कोणत्या अंतरासाठी घडवलं गेलं हे कळतं. त्या अंतराची आज कंपनीला किती गरज आहे, एवढा एकच प्रश्न मग उरतो.

या ताफ्याकडे पाहिलं की पहिल्यांदा जाणवतं ते हे, की तो एका हाताने लिहिलेला नाही. त्यात 2006 साली सरकारी एअर इंडियाने मागवलेली विमानं आहेत. अमेरिकेच्या डेल्टाने वापरून सोडलेली आणि टाटांनी भाड्याने आणलेली आहेत. रशियाच्या एरोफ्लोटसाठी बांधलेली, पण युक्रेन युद्धामुळे तिकडे न गेलेली एअरबस ए350 आहेत. 12 नोव्हेंबर 2024 रोजी विस्तारा विलीन झाली, तिच्याकडून आलेली 787-9 आहेत. प्रत्येकाची आसनं वेगळी, पडदे वेगळे, स्वयंपाकाच्या जागाही वेगळ्या. कारभाऱ्याला ही डोकेदुखी वाटेल. वाचणाऱ्याला मात्र जुन्या पोथीत निरनिराळ्या लेखनिकांची वळणं ओळखावीत तसा आनंद यात आहे.

वर्ध्याजवळच्या नालवाडीत बसून या गोष्टींत एवढं मन का घालावं, असं कुणी विचारतं. नालवाडीला 1932 हे साल वेगळ्या कारणाने लक्षात आहे. त्या डिसेंबरात विनोबा इथे राहायला आले आणि फक्त सूतकताईच्या मजुरीवर माणूस जगू शकतो का, हे त्यांनी स्वतःवर आजमावून पाहिलं. त्याआधी दोनच महिने, 15 ऑक्टोबरला, जेआरडी टाटा छोट्या पस मॉथ विमानातून टपाल घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले होते. ती टपालसेवाच पुढे एअर इंडिया झाली, 1953 मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं. पण आमचं नातं इतिहासापेक्षा रस्त्याचं जास्त आहे. नागपूरकर ज्याला वर्धा रोड म्हणतात, त्याच रस्त्याच्या कडेला नागपूरचा विमानतळ आहे आणि मिहान हा औद्योगिक परिसर आहे. नालवाडीहून पवनार, सेलू, केळझर, बुटीबोरी करत नागपूरला निघालं, की शहर लागण्याआधीच मोठ्या विमानांचा हँगर येतो. एसटीत योग्य बाजूची खिडकी मिळाली तर एखादी उंच लाल शेपटी दिसून जाते.

हा हँगर आणि त्यात येणारी विमानं एकाच कराराच्या पोटी जन्मली. जानेवारी 2006 मध्ये एअर इंडियाने बोइंगकडे 68 विमानांची मागणी नोंदवली: आठ 777-200एलआर, पंधरा 777-300ईआर, सत्तावीस 787-8 आणि अठरा 737-800. एवढ्या मोठ्या खरेदीच्या बदल्यात बोइंगने भारतात देखभालीचं केंद्र बांधून द्यायचं ठरलं, आणि ते 2015 मध्ये मिहानमध्ये सुरू झालं. रुंद विमान पंखांसकट आत उभं राहावं इतके मोठे तिथले हँगर. पुढे तिथे मोठ्या इंजिनांचीही कामं होऊ लागली. 2022 च्या व्यवहारात विमानं टाटांकडे गेली, पण देखभाल करणारी सरकारी कंपनी, एआयईएसएल, त्या सौद्यात नव्हती. ती सरकारकडेच राहिली. लेकरं एका घरी, दवाखाना दुसऱ्या घरी. अंदाज बांधताना ही फारकत लोक विसरतात. मला ती फार महत्त्वाची वाटते, कारण विमान किती वर्षं राहणार हे ते कुणाच्या हाताखाली उघडलं जातं त्यावरही ठरतं.

त्या 68 पैकी मी सगळ्यात जास्त प्रेम केलं ते 777-200एलआरवर. एलआर म्हणजे लाँग रेंज, आणि हे विमान ते नाव पूर्णपणे जगलं. नोव्हेंबर 2005 मध्ये बोइंगने ते हाँगकाँगहून पूर्वेकडे निघून, पॅसिफिक, अमेरिका आणि अटलांटिक ओलांडून लंडनला नेलं: 21,602 किलोमीटर, 22 तास 42 मिनिटं, मध्ये कुठेही न उतरता. एअर इंडियाने 1 ऑगस्ट 2007 रोजी मुंबई–न्यूयॉर्क विनाथांबा सेवा याच विमानाने सुरू केली. 2021 च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोहून ध्रुवाजवळून थेट बंगळुरूला आलेलं पहिलं विमानही हेच. त्या दिवशी कॉकपिटमध्ये सगळ्या महिला वैमानिक होत्या.

त्याचं रूप बघायचं तर इंजिनापासून सुरुवात करावी. जीई90 च्या पंख्याचा व्यास सुमारे सव्वातीन मीटर आहे. समोर उभं राहिलं की माणूस त्यात दोन्ही हात पसरून सहज मावतो. पंख्याला बावीस पाती. या कुळातलं एक पातं न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आपल्या संग्रहात ठेवलं आहे. त्याचं कारण पात्याची वळणं पाहिली की लगेच पटतं. मुळाशी जाड आणि सरळ निघालेलं पातं मध्यावर पुढे झेपावतं आणि टोकाशी मागे वळतं. यातलं एकही वळण सजावटीसाठी नाही. टोकाचा भाग मुळापेक्षा कितीतरी वेगाने फिरतो, म्हणून प्रत्येक उंचीवर हवेला वेगळा कोन द्यावा लागतो. तो हिशेब कार्बनच्या थरांत उतरला आणि हे रूप झालं. गरजेतून आलेलं सौंदर्य म्हणतात ते मी याहून स्पष्ट कुठे पाहिलेलं नाही.

पंखाचं टोकही तसंच. 777 च्या जुन्या प्रकारांत टोक जवळजवळ सरळ कापलेलं होतं. एलआरमध्ये ते मागे, तिरकं निमुळतं होत गेलं. टोकाशी हवेचे भोवरे तयार होतात आणि त्यांत इंधन वाया जातं. टोक असं रेखलं की ते भोवरे मंदावतात. मुख्य चाकांच्या दोन्ही पायांवर सहा-सहा चाकं, कारण उड्डाणाच्या वेळचं वजन 347 टनांपर्यंत जातं.

आणि इथेच या विमानाची शोकांतिका दडलेली आहे. त्याच्या टाक्यांत 1 लाख 81 हजार लिटर इंधन मावतं. सोळा-सतरा तासांच्या प्रवासात पहिल्या काही तासांत जळणाऱ्या इंधनाचा मोठा हिस्सा नंतर लागणारं इंधन वाहून नेण्यातच जातो. लांबच्या बाजाराला निघालेल्या गाडीत बैलांचाच कडबा अर्धी जागा खातो, तसं. एअर इंडियाने या विमानात फक्त 238 जण बसवले. तेल महागलं तेव्हा हा हिशेब जमेना, आणि 2013 मध्ये आठांपैकी पाच एलआर अबू धाबीच्या इतिहादला विकायचं ठरलं. तीन उरली. टाटांनी नंतर डेल्टाची जुनी एलआर भाड्याने आणली तेव्हा अनेकांना नवल वाटलं. एक विकतो आणि दुसरं भाड्याने आणतो, हे कसं? पण ताफा वाचणाऱ्याला ते लगेच कळलं. अमेरिकेच्या फेऱ्या वाढवायच्या होत्या, नवी विमानं काही वर्षांनी येणार होती, आणि हे अंतर न थांबता कापणारं दुसरं मोकळं विमान हाताशी नव्हतं.

आता 787-8, म्हणजे ड्रीमलायनर. एअर इंडियाची पहिली ड्रीमलायनर्स सप्टेंबर 2012 पासून येऊ लागली. 12 जून 2025 रोजी त्यांतलं एक अहमदाबादहून उड्डाण होताच कोसळलं आणि विमानातले व जमिनीवरचे मिळून 260 जणांचा जीव गेला. त्यानंतर या विमानाच्या सौंदर्याबद्दल लिहिताना लेखणी अडते, आणि अडायलाच हवी. तरीही ताफ्याचा कणा आज हेच विमान आहे, म्हणून ते वाचावं लागतं.

787 ओळखायचं ते पंखावरून. जमिनीवर उभं असताना पंख साधा दिसतो, आकाशात गेला की धनुष्यासारखा वर वाकतो. धातूचा पंख इतका लवत नाही. कार्बन धाग्यांच्या थरांतून बनलेला हा पंख जपानच्या नागोयात तयार होतो. विमानाच्या वजनाचा सुमारे निम्मा भाग याच संमिश्र पदार्थाचा, आणि म्हणूनच आतली हवा अधिक दाबावर ठेवता येते. जुन्या विमानांत प्रवाशाला आठ हजार फुटांच्या डोंगरावर बसल्यासारखी विरळ हवा मिळते, इथे सहा हजार फुटांची. अमेरिकेहून परत येणारी आजी नागपूरला उतरल्यावर कमी थकलेली दिसते, त्यात याचा वाटा आहे. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते दिसतात. ते उष्ण आणि थंड हवेचे प्रवाह हळुवार मिसळतात आणि आवाज घटवतात.

जुन्या 787-8 मध्ये 18 बिझनेस आणि 238 इकॉनॉमी अशी 256 आसनं होती. जुलै 2025 मध्ये पहिलं विमान नव्या आसनांसाठी कॅलिफोर्नियातल्या व्हिक्टरव्हिलला गेलं. नव्या रचनेत 20 बिझनेस, 25 प्रीमियम इकॉनॉमी आणि 205 इकॉनॉमी. खुर्च्या सहा कमी झाल्या. आसनं मोजणाऱ्यांना हा तोटा वाटला, मला तो निश्चय वाटतो: ही विमानं एवढ्यात जाणार नाहीत. पण निश्चयाची किंमत लगेच मोजावी लागली. एकेक विमान कामाला बाहेर काढल्याने विमानं कमी पडली, त्यातच एप्रिल 2025 पासून पाकिस्तानचं आकाश बंद झाल्याने पश्चिमेच्या वाटा लांबल्या, आणि 1 सप्टेंबर 2025 पासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबली. उत्तर अमेरिकेच्या काही फेऱ्यांना मध्येच व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी उतरावं लागलं. अशा वेळी एलआरच्या त्या जड टाक्यांची आठवण येतेच.

ए350 बद्दल थोडक्यात सांगतो. डौलात ते सगळ्यांत पुढे आहे: कॉकपिटच्या खिडक्यांभोवती काळी पट्टी, पंखाचं टोक वर आणि मागे सुंदर वळलेलं. टाटांनी आपला नवा रंग पहिल्यांदा यावरच चढवला. ऑगस्ट 2023 च्या त्या नव्या रूपात मला सर्वांत भावलं ते खिडकीच्या चौकटीवरून घेतलेलं सोनेरी चिन्ह. 1971 मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिलं 747 आलं तेव्हा त्याच्या प्रत्येक खिडकीभोवती लाल झरोका रंगवला होता, आणि एअर इंडिया म्हटलं की आपल्या पिढीच्या डोळ्यांसमोर तीच रांग उभी राहायची. नव्या रंगकारांनी ती सगळी रांग पुसून झरोक्याचं फक्त टोक ठेवलं. अनेक जुन्या चाहत्यांना हे आवडलं नाही. मला वाटतं, तो बरोबर निवडलेला धागा आहे. ए350 च्या गुळगुळीत अंगावर झरोक्यांची रांग भरजरी लुगड्यासारखी जड झाली असती.

फेब्रुवारी 2023 मध्ये टाटांनी 470 विमानांची मागणी नोंदवली. त्यांत लांब पल्ल्याची चाळीस ए350, वीस 787-9 आणि दहा 777-9 होती. 777-9 च्या पंखांचा विस्तार एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 71.8 मीटर आहे. विमानतळावर मावावं म्हणून पंखांची टोकं घडी होऊन वर उभी राहतात. कागदावर ते मोठं मोहक दिसतं, पण 2020 मध्ये यायचं ते विमान आता 2027 वर गेलं आहे. अशा विमानावर आखलेला कुठलाही बेत मी कच्चा मानतो.

माझा अंदाज असा. एलआर सगळ्यांत आधी निवृत्त होईल. इंधनाचा हिशेब तिला जगू देणार नाही, आणि ए350 ची मोठी तुकडी तिचे मार्ग घेईल. 300ईआर आणखी काही वर्षं ओढतील, कारण न्यूयॉर्कला आणि लंडनला जाणारी माणसं त्यांच्याच पोटात मावतात. 787-8 नव्या खुर्च्यांसह राहतील. आणि शेवटी ताफ्याचा सूर ठरवेल ते 787-9. वजन आणि अंतर यांचा मेळ त्याच्याइतका चांगला कुठेच बसलेला नाही. मिहानमध्येच टाटांचा एक कारखाना आहे. ड्रीमलायनरच्या जमिनीखाली, प्रवाशांच्या पावलांखाली, आडव्या बसणाऱ्या कार्बनच्या तुळया तिथे घडल्या आणि 787-9 साठी अमेरिकेला गेल्या. जीई90 च्या पात्याला संग्रहालयात जागा मिळाली. या तुळईवर गालिचा आणि खुर्च्या येतात, ती कुणाला कधी दिसत नाही. नवी 787-9 नागपूरच्या हँगरात मोठ्या तपासणीला येऊ लागली, खुर्च्या उचलून जमीन उघडली गेली, तर वर्धा रोडवर तयार झालेली तुळई तपासायला वर्धा रोडवरचीच पोरं आत उतरलेली असावीत. सेलू-बुटीबोरीकडच्या आयटीआयवाल्यांनी आत्तापासून त्या कामाची तयारी करावी, आणि सरकारने व टाटांनी दवाखाना आणि लेकरं यांची फारकत मिटवून ते काम इथेच ठेवावं.