प्रत्यारोपणाच्या प्रतीक्षेतील अकाली वार्धक्य : एक चिकित्सा

रॉटरडॅम येथील बेट्येस व सहकाऱ्यांनी २०११ मध्ये अंतिम टप्प्यातील मूत्रपिंडविकाराच्या रुग्णांतील टी-पेशींचा अभ्यास प्रसिद्ध केला. थायमस ग्रंथीतून येणाऱ्या नव्या पेशींचे घटलेले प्रमाण व टेलोमियरची कमी लांबी यांवरून या पेशींचे वय रुग्णाच्या वयाहून २० ते ३० वर्षांनी अधिक असल्याचा निष्कर्ष त्यांनी काढला. असे रुग्ण हेपॅटायटिस-बी लशीला कमी प्रतिसाद देतात, या अनुभवाशी तो सुसंगत आहे. तथापि तो समूहांच्या तुलनेतून आलेला आहे. एकेका रुग्णाचे भवितव्य त्यावरून ठरत नाही. ‘वार्धक्य’ हे रूपक प्रत्यारोपण नाकारण्याचे निमित्त ठरू नये. वेळेवर लसीकरण आणि प्रतिकारदमन औषधांची विवेकी मात्रा, यांसाठीच त्याचा उपयोग व्हावा.