गुरुऋण

मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील पंढरपूरचा, हे आपण अभिमानाने सांगतो. मदर तेरेसांवरील त्यांची चित्रमालिका आपणांस विशेष जवळची वाटते. निळ्या काठाची शुभ्र साडी, कुशीतले मूल आणि चेहऱ्याची रिकामी जागा! मुख न रेखाटताही येथे करुणा प्रकटते, ती वस्त्राच्या चुण्यांतून व हातांच्या ठेवणीतून. अशी रेषा दीर्घ साधनेवाचून लाभत नाही.

त्या साधनेचा प्रारंभ इंदूरच्या कलाशाळेत झाला. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी ती १९२७ साली स्थापन केली. नारायण श्रीधर बेंद्रे हेही तेथलेच विद्यार्थी. शिष्यांची कीर्ती दिगंत पसरली. १९७८ साली निवर्तलेल्या गुरूंचे नाव मात्र चित्रकारांच्या वर्तुळाबाहेर क्वचितच ऐकू येते. कलेच्या इतिहासातील ही उणीव बोचणारी आहे.

आता आपली कृतज्ञता देवळालीकरांपर्यंत पोहोचावयाची नाही. तथापि बेंद्रे यांनी १९५० पासून बडोद्यास अध्यापन करून चित्रकारांची नवी पिढी घडविली. गुरूंकडून मिळालेले पुढील हातांत देणे, हीच ऋणाची खरी फेड. मात्र ज्यांचे गुरू अद्याप हयात आहेत, त्यांनी आभाराचे दोन शब्द मृत्युलेखासाठी राखून ठेवू नयेत.