माणूस, मनुष्यबळ आणि मानव संसाधन : एका अभ्यासक्रमाची चिकित्सा

आज आपण ‘मानव संसाधन व्यवस्थापन’ हा विषय चिकित्सेसाठी घेतो आहोत. बी.कॉम. असो, बीबीए असो, बीएमएस किंवा एमबीए असो, कुठल्या ना कुठल्या सत्रात हा पेपर विद्यार्थ्याच्या वाट्याला येतोच. आणि बहुतेकांचा समज असा की हा सोपा पेपर. गणित नाही, ताळेबंद नाही, व्याख्या आणि मुद्दे पाठ केले की झालं. आता यात तत्त्वज्ञानवाल्यांचं काय काम, असं कुणी विचारील. काम एवढंच, की ‘माणूस म्हणजे काय’ या प्रश्नाचं एक उत्तर हा विषय पहिल्याच पानावर गृहीत धरतो आणि ते उत्तर पुढे शेवटपर्यंत कुणी तपासत नाही. ते आपण तपासू. चिकित्सा म्हणजे निंदा नव्हे, हे आपल्या नेहमीच्या श्रोत्यांना सांगायला नको.

सुरुवात नावापासून करू. पीटर ड्रकर यांनी १९५४ सालच्या आपल्या पुस्तकात कामगाराला उद्देशून ‘मानव संसाधन’ हा शब्दप्रयोग केला. पण त्यांचं म्हणणं काय होतं? की इतर सगळ्या संसाधनांहून हे संसाधन वेगळं आहे, कारण काम करायचं की नाही हे माणूस स्वतः ठरवतो. लोखंड ठरवत नाही, माणूस ठरवतो. म्हणजे शब्द रूढ करणाऱ्यानं भर दिला होता तो माणसाच्या इच्छेवर. पुढे शब्द टिकला आणि भर गळून पडला. दुसरं उदाहरण गॅरी बेकर यांचं. ‘मानवी भांडवल’ या नावाचं त्यांचं पुस्तक १९६४ साली आलं. हे नाव देताना आपण बराच विचार केला, कारण माणसाला भांडवल म्हणणं त्या काळी अनेकांना खटकत होतं, असं त्यांनी स्वतःच नोबेल व्याख्यानात सांगितलं आहे. आज ते कुणाला खटकत नाही. हिंजवडीतल्या कुठल्याही कार्यालयात ‘माझ्याकडे तीन रिसोर्स मोकळे आहेत’ हे वाक्य ऐकू येतं आणि बोलणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं, हे आपण लक्षात घेऊ. वाईट हेतू नसतानाही शब्द आपलं काम करत राहतो.

कुणी म्हणेल, शब्दात काय आहे? आपल्याच देशाचं उदाहरण घ्या. १९८५ साली केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाचं नाव ‘मानव संसाधन विकास’ असं झालं. पस्तीस वर्षं देशातली शाळकरी मुलं कागदोपत्री संसाधन होती. २०२० साली ते नाव पुन्हा ‘शिक्षण’ असं झालं. शब्दानं काहीच फरक पडत नसता, तर बदलायचे कष्ट दोन्ही वेळा कुणी घेतले असते?

मराठीत आपण याला ‘मनुष्यबळ’ही म्हणतो. हा शब्द थोडा बरा, कारण बळ हे ज्याचं त्याचं असतं. संसाधन मात्र दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगासाठी असतं. आपल्या परंपरेत साधन आणि साध्य ही जोडी जुनी आहे, त्यामुळे प्रश्न मांडणं सोपं जातं. माणूस साधन की साध्य? कांटनं १७८५ साली याचं उत्तर दिलं, आणि ते नेहमी अर्धवट सांगितलं जातं. माणसाला साधन म्हणून वापरूच नका, असं कांट म्हणत नाही. तसं असतं तर न्हाव्याकडे जाणंही अनैतिक ठरलं असतं! त्याचं म्हणणं असं की माणसाला ‘केवळ’ साधन म्हणून वागवू नका. सगळा जोर त्या ‘केवळ’वर आहे. आणि त्यातून एक कसोटी निघते. ज्या पद्धतीनं आपण समोरच्याशी वागतो आहोत ती पद्धत त्याला पूर्ण ठाऊक असती, तर त्यानं तिला संमती दिली असती का? ही कसोटी हातात ठेवून आपण अभ्यासक्रमाची पानं उलटू.

पहिलं पान हॉथॉर्नचं. शिकागोजवळच्या सिसेरोमध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न कारखाना, १९२४ ते १९३२ या काळातले प्रयोग आणि एल्टन मेयो यांचं नाव. पाठ्यपुस्तकातली गोष्ट अशी की, उजेड वाढवला तरी उत्पादन वाढलं, कमी केला तरी वाढलं, म्हणजे माणसाला लक्ष हवं असतं, आपुलकी हवी असते. गोष्ट छान आहे. पण रिले जोडणीच्या खोलीत ज्या पाच मुली बसवल्या होत्या, त्यांतल्या दोघींना १९२८च्या सुरुवातीला काढून त्यांच्या जागी दुसऱ्या दोघी आणल्या गेल्या. का? त्या फार बोलतात, सहकार्य करत नाहीत म्हणून. शिवाय या गटाची मजुरी त्यांच्या स्वतःच्या छोट्या गटाच्या उत्पादनाशी जोडली गेली होती. म्हणजे आपुलकी होती, पण सोबत पैसा होता आणि काढून टाकण्याची ताकदही होती. नंतर तारजोडणीच्या खोलीत चौदा पुरुष कामगारांचं निरीक्षण झालं, तेव्हा ते आपसांत ठरवून उत्पादन एका मर्यादेवर ठेवतात असं दिसलं. जास्त काम केलं तर दर कापतील, कुणाची तरी नोकरी जाईल, ही भीती त्यामागे होती. मंदीचे दिवस होते ते. या वागण्याला पुस्तकं अनौपचारिक गट म्हणून मोकळी होतात. त्या चौदा जणांना विचारलं असतं तर ते याला शहाणपण म्हणाले असते. दोन्ही बाजू वर्गात आल्या, तरच त्याला शिकवणं म्हणायचं.

दुसरं पान मॅस्लोचं. परीक्षेत हमखास प्रश्न येतो, ‘मॅस्लोचा गरजांचा पिरॅमिड आकृतीसह स्पष्ट करा.’ मॅस्लो यांचा मूळ लेख १९४३चा. त्यात पिरॅमिड नाही. आकृतीच नाही. हा क्रम ताठर नाही, त्याला अपवाद आहेत, असंही त्यांनी त्या लेखात लिहून ठेवलं आहे. पिरॅमिड नंतर व्यवस्थापनाच्या लेखनातून आला. आणि आकृती आली की तिच्यासोबत एक समजूत येते, ती अशी की खालच्या पायरीवरच्याला आधी फक्त भाकर हवी, मान-सन्मान ही वरच्यांची गरज. गिरणगावाचा इतिहास ज्यांनी जरा वाचला आहे त्यांना हे पटणं कठीण. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. मागण्या पगाराच्या होत्या, रजेच्या होत्या, बदली कामगारांना कायम करण्याच्याही होत्या, आणि आपली संघटना आपण निवडणार हा हट्ट होता. चूल बंद पडली तरी महिनोन्‌महिने माणसं मागे हटली नाहीत. त्यांना कुठल्या पायरीवर बसवायचं, हे ती आकृती सांगू शकत नाही.

तिसरी गोष्ट वंशावळीची. आपल्या पुस्तकांत हा विषय टेलर, मेयो, मॅस्लो, मॅकग्रेगर अशा पायऱ्यांनी थेट अमेरिकेतून येतो. पण भारतात ही नोकरी जन्माला कशी आली? मुंबईच्या गिरण्यांत भरती मुकादमाच्या हातात होती. तो माणसं आणायचा, काढायचा आणि दस्तुरी घ्यायचा. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगानं १९३१च्या अहवालात या मुकादमशाहीवर बोट ठेवलं आणि कामगार अधिकारी नेमावेत असं सुचवलं. पुढे १९४८च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४९नं पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणं सक्तीचं केलं. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली टाटांची समाजकार्याची संस्था, आजची ‘टिस’, कामगार कल्याणाचं शिक्षण देत होती. म्हणजे आपल्याकडे या विषयाचं कूळ कामगार कायद्यात आणि समाजकार्यात आहे. मुकादमाच्या मनमानीपासून कामगाराला वाचवायचं म्हणून ही खुर्ची निर्माण झाली. कामगार अधिकारी, मग कार्मिक व्यवस्थापक, मग एच.आर. असं तिचं नाव बदलत गेलं आणि खुर्ची हळूहळू टेबलाच्या दुसऱ्या बाजूला सरकली. हे सरकणं योग्य की अयोग्य यावर मतभेद होऊ शकतात. पण विद्यार्थ्याला ते माहीतच नसणं योग्य म्हणता येणार नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांना संघटित केलं आणि १८९० साली रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. रजा नियमांचं प्रकरण शिकताना हे नाव किती वर्गांत घेतलं जातं?

आता सगळ्यांत मोठा मुद्दा. १९६६ साली ब्रिटनमध्ये ॲलन फॉक्स यांनी एक भेद मांडला. उद्योगाकडे बघण्याच्या दोन दृष्टी असतात. एक म्हणते, कंपनी म्हणजे कुटुंब, सगळ्यांचं हित एकच, मतभेद म्हणजे गैरसमज किंवा कुणीतरी भडकवलेलं. दुसरी म्हणते, हितसंबंध काही ठिकाणी जुळतात, काही ठिकाणी खरोखरच भिडतात, आणि ते भांडण प्रामाणिकपणे, नियमानं सोडवायचं असतं. आपला अभ्यासक्रम पहिली दृष्टी घेऊन चालतो आणि ती एक दृष्टी आहे हे सांगत नाही. त्यामुळे संघटना येते ती तक्रार निवारणाच्या प्रकरणात, अडचण म्हणून. आपल्या संविधानात व्यवस्थापनात कामगारांच्या सहभागाचं ४३-अ हे कलम १९७६ साली आलं, ते एखाद्या टिपेत उरकतं. आणि कंपनीला कुटुंब म्हणायचं तर एक साधा प्रश्न उरतो. तिमाही तोट्यात गेली म्हणून आपण धाकट्या भावाला घरातून काढतो का?

याचं रोजच्या कामातलं रूप बघायचं तर बेल कर्व्ह बघा. जनरल इलेक्ट्रिकमध्ये जॅक वेल्च यांच्या काळात वरचे वीस, मधले सत्तर, खालचे दहा टक्के अशी विभागणी गाजली. मायक्रोसॉफ्टनं अशी सक्तीची क्रमवारी २०१३ साली सोडून दिली. संख्याशास्त्र सांगतं की असा वक्र मोठ्या, यादृच्छिक समूहात अपेक्षित असतो. मुलाखती घेऊन निवडून आणलेल्या सात जणांच्या गटात तो शोधणं म्हणजे शास्त्राचं नाव घेऊन चिठ्ठ्या टाकणं. इथे आपली कसोटी लावा. त्या सात जणांना आधीच सांगितलं असतं, की तुम्ही सगळ्यांनी उत्तम काम केलंत तरी एकाला ‘कमी’ ठरवणारच आहोत, तर त्यांनी संमती दिली असती का?

यावर एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. ‘सर, पोरांना नोकरी हवी आहे. तुमचा कांट प्लेसमेंटला उपयोगी पडत नाही.’ खरं आहे. जळगाव, लातूर, चाकणच्या कॉलेजांतून येणारी कितीतरी मुलं घरातली पहिली पदवीधर असतात. बाप एमआयडीसीत कंत्राटावर, आई शिवणकामात. ही पोरगी उद्या एच.आर.मध्ये लागेल, आणि एक दिवस तिच्या बापाच्या वयाच्या माणसासमोर कामावरून कमी केल्याचं पत्र ठेवायची पाळी तिच्यावर येईल. त्या क्षणी तिच्याजवळ काय असेल? पिरॅमिडची आकृती? की या माणसाला कायद्यानं काय देणं लागतं, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं गेलं का आणि आपण ‘नाही’ कुठे म्हणू शकतो, याची जाण? नोकरी मिळवून देणारं शिक्षण हवंच. पण नोकरीत माणूस म्हणून उभं राहता येणं, हाही त्या शिक्षणाचाच भाग आहे.

आणि हे सगळं बाहेरून आणायला नको, विषयाच्या पोटातच ते आहे. खातेनिहाय चौकशी घ्या. दोषारोपपत्र द्यायचं, उत्तराला वेळ द्यायचा, साक्षीदार तपासू द्यायचे, दुसरी बाजू ऐकल्याशिवाय शिक्षा करायची नाही. हा नैसर्गिक न्याय. ‘केवळ साधन नव्हे’ या तत्त्वाचं कारखान्यातलं याहून चांगलं रूप आम्हाला तरी ठाऊक नाही. पण वर्गात ते पायऱ्यांची यादी म्हणून पाठ करून घेतलं जातं, प्रत्येक पायरी का आहे हे कुणी विचारत नाही.

म्हणून आमच्या सूचना थोड्याच आहेत. भारतीय कामगार इतिहासाचं एक पूर्ण प्रकरण ठेवा. फॉक्सच्या दोन्ही दृष्टी शिकवा आणि कुठली घ्यायची ते विद्यार्थ्यांवर सोडा. प्रकल्प म्हणून पन्नास जणांकडून प्रश्नावल्या भरून घेण्याऐवजी एका कंत्राटी कामगाराची पगारचिठ्ठी वाचायला लावा, काय कापलं आणि का, ते शोधू द्या. आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गिग कामगाराची व्याख्या आली आहे, तेव्हा दारात जेवण आणून देणाऱ्या मुलाचा एच.आर. कोण, हा प्रश्न परीक्षेत विचारा. त्याला काम देणारं, मोजणारं आणि काढणारं ॲप आहे. समोर माणूसच नाही. मुकादमाला निदान चेहरा होता.

शेवटी एवढंच. या विषयाच्या नावात दोन शब्द आहेत, ‘मानव’ आणि ‘संसाधन’. दुसऱ्याचा अभ्यास आपल्याकडे भरपूर होतो. पहिल्याचा सुरू करायला विद्यापीठाच्या परवानगीची वाट बघायची गरज नाही, शिकवणाऱ्यानं उद्याच्या तासाला एक प्रश्न विचारला तरी पुरे. आता प्रश्न घेऊ.