‘रासायनिक पुनर्चक्रण’ : एका संज्ञेचे परीक्षण

‘पुनर्चक्रण’ हा शब्द संधिनियमाप्रमाणे ‘पुनश्चक्रण’ असा असावयास हवा होता. परंतु रूढीपुढे वैयाकरणाचे काही चालत नाही, आणि आमचा आक्षेपही त्या स्वरूपाचा नाही. आक्षेप आहे तो ‘रासायनिक’ या विशेषणाविषयी. क्रिया कोणत्या साधनाने घडते एवढेच ते सांगते. कारकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर करण तेवढे उच्चारिले गेले. अपादान अध्याहृत राहिले आणि फलाचा तर पत्ताच नाही. प्लास्टिकच्या कचऱ्याची पारख मात्र ‘कशापासून’ आणि ‘कशाप्रत’ या दोन प्रश्नांवरच अवलंबून असते.

पेटच्या बाटलीतील एस्टर-बंध मिथेनॉल किंवा ग्लायकॉल यांच्या साहाय्याने तोडता येतो. मूळ घटक शुद्ध करून त्यांपासून तेच बहुवारिक पुन्हा बनविता येते. येथे ‘चक्र’ हा शब्द सार्थ होय. पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन यांची गोष्ट निराळी. त्यांची साखळी कार्बन-कार्बन बंधांची. ऑक्सिजनविरहित पात्रात तापविली असता ती वाटेल तेथे तुटते, आणि वायू, तेल, मेण व काजळीसारखा अवशेष असे मिश्रण हाती येते. त्यात पीव्हीसी मिसळलेले असेल तर अनर्थच. कारण त्याच्या वजनापैकी सुमारे ५७ टक्के क्लोरीन असते, आणि तापविताच निघणारा हायड्रोजन क्लोराइड यंत्रासही खातो व तेलही बिघडवितो. पाण्यात टाकून पाहावे, तर पॉलिथिलीन व पॉलिप्रॉपिलीन तरंगतात खरे. पण पेट आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. वस्तूंवर १ ते ७ असे संकेतांक छापलेले असतात. त्यांतील ७ म्हणजे ‘इतर’. जे वर्गात बसत नाही त्याचा एक वर्ग करावयाचा, ही आम्हां व्याकरणवाल्यांचीही जुनी सवय!

अनेकपदरी वेष्टणांसारखा जो माल वितळवून पुन्हा घडविता येत नाही, त्याच्यासाठी म्हणून रासायनिक मार्गाचा पुरस्कार केला जातो. आणि तो मार्गही निवडलेला, कोरडा, स्वच्छ मालच मागतो. असा माल, विशेषतः पेटच्या बाटल्या, कचरावेचक आणि भंगारवाले यांनी आधीच उचललेला असतो. तेव्हा नवा कारखाना उरलेल्या कचऱ्यावर चालणार की त्यांच्या पोत्यावर, हे संज्ञेवरून मुळीच कळत नाही.

फलाच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यांनी आमच्या अभ्यासकांपेक्षा अधिक नेमके दिले आहे. युरोपीय संघाच्या २००८ च्या निर्देशात, इंधन म्हणून वापरावयाच्या पदार्थांत केलेले रूपांतर पुनर्चक्रणाच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. भारतातील २०२२ च्या उत्पादक-जबाबदारीविषयक नियमांनीही कचऱ्यापासून इंधनतेल काढणे हे सिमेंटभट्टीत जाळण्याच्या शेजारी, अंतिम विल्हेवाटीत बसविले. तथापि एकाच पात्रातून निघालेले तेल आज बॉयलरकडे व उद्या प्लास्टिकच्या कारखान्याकडे जाऊ शकते. दुसऱ्या ठिकाणीही ते खनिज नॅफ्थात अल्प प्रमाणात मिसळले जाते. मग वस्तुमानाच्या हिशेबाने ‘पुनर्चक्रित’ हे विशेषण निवडक पिशव्यांना लावता येते. हिशेब समूहाचा आणि विशेषण व्यक्तीचे, असा हा प्रकार आहे.

यास्तव मूल्यमापनाच्या अहवालात ही संज्ञा एकटी येऊ नये, असे आम्ही सुचवितो. ‘पेटपासून एकवारिक’, ‘मिश्र पिशव्यांपासून बॉयलरचे तेल’ असे अपादान व फल यांसह लिहावे, आणि शंभर किलो कचऱ्यापैकी किती किलो पुन्हा प्लास्टिक झाले तो आकडा त्याच ओळीत द्यावा.